माती वाहणारं गाढव : मुंबईचा कोट पाहताना



भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठावरचं हे राहू गाव. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, नदीचं पाणी. इथून समुद्र दोन दिवसांच्या पायवाटेपेक्षाही लांब. आणि मी बोलणार आहे ते मुंबईच्या कोटाविषयी, म्हणजे ज्याला आपण आता सरसकट फोर्ट म्हणतो त्या बंदराच्या जुन्या वस्तीविषयी, तिथल्या इमारतींविषयी. कोणी म्हणेल, त्या इमारतींशी आमचा संबंध काय? मंत्रालयात काम निघालं, हायकोर्टात तारीख लागली, की केडगावला गाडी धरायची, सीएसएमटीला उतरायचं, काम उरकायचं आणि परत यायचं. येता-जाता ते मनोरे दिसतात तेवढंच.

हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो. आजचं सगळं व्याख्यान याच प्रश्नाचं उत्तर आहे. 'संबंध काय' हा मुळात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि माझं आयुष्य त्याच विषयात गेलं. तेव्हा इतिहासात शिरण्याआधी पाच मिनिटं मला न्यायशास्त्रासाठी द्या. फार जड करणार नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी 'कारण' म्हणजे काय याचा फार बारीक विचार केला. त्यांची दोन आवडती उदाहरणं आहेत : घट आणि पट. म्हणजे मडकं आणि कापड. कापडाचं समवायी कारण कोणतं? तर सूत. ज्यात ते कार्य राहतं ते. सुताच्या धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, माग, धोटा ही निमित्त कारणं. इथपर्यंत सरळ आहे. पण गंमत पुढे आहे. कार्याच्या आधी तर अनेक गोष्टी हजर असतात. मडकं घडायच्या आधी कुंभाराचा बापही होऊन गेलेला असतो. मग तो मडक्याचं कारण का? माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली ते गाढवही तिथे उभं असतं. ते कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. या गोष्टींना त्यांनी नाव दिलं 'अन्यथासिद्ध'. विश्वनाथ पंचाननाच्या भाषापरिच्छेदात त्यांची यादीच आहे, आणि तिच्या शेवटी ते गाढव आहे. ते हजर होतं हे मान्य, पण कारणांच्या हिशेबात ते धरायचं नाही. दुसऱ्या एखाद्या मडक्याची माती डोक्यावरूनही आली असती. म्हणून गाढव अनिवार्य नाही.

तर्क म्हणून हे ठीक आहे. नैयायिकाला 'मडकं' या जातीचं कारण शोधायचं आहे, त्यामुळे त्याने गाढव वगळलं तर बिघडत नाही. पण इतिहासाचं काम वेगळं आहे. इतिहासाला कुठलंही मडकं नको असतं, 'हेच' मडकं हवं असतं. आणि या मडक्याची माती जर गाढवानेच वाहिली असेल, तर त्या गाढवाला यादीतून काढायचा अधिकार इतिहासकाराला नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि चला कोटात.

आज कोट शोधायला गेलात तर भिंत दिसणार नाही. सेंट जॉर्ज इस्पितळाच्या मागे एक तुकडा उरला आहे, बाकी सगळी नावं. 'रॅम्पार्ट रो' म्हणजे तटाची गल्ली. तट गेला, गल्ली राहिली. 'चर्चगेट' म्हणजे चर्चचा दरवाजा. तो दरवाजा आजच्या चर्चगेट स्टेशनजवळ नव्हताच, तो होता फ्लोरा फाउंटनच्या जागी. आणि तो ज्या चर्चमुळे ओळखला जाई ते सेंट थॉमस चर्च, १७१८ साली उपासनेसाठी खुलं झालेलं, आजही उभं आहे. 'बोरीबंदर' या नावात तर बंदर आहेच. शहरं आपल्या इमारती पाडतात, पण नावं पाडायला विसरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी नावं वाचावीत.

१६६१ च्या विवाहाच्या तहातून मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे १७१५ च्या सुमारास वस्तीभोवतीचा तट पुरा झाला. त्याला तीन दरवाजे : दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बाजार गेट. पूर्वेला बंदर. बाहेरून खंदक, आणि खंदकापलीकडे तोफांना मारा करता यावा म्हणून मोकळं ठेवलेलं मैदान. आज आपण जे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान पाहतो, जिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि आपले मोर्चे जाऊन थांबतात, ती त्या मोकळ्या पट्ट्याची शिल्लक आहे. ही मैदानं लोकांना फिरायला मिळावीत म्हणून सोडलेली नव्हती, शत्रू दिसावा म्हणून सोडलेली होती. तो शत्रू एका काळी मराठे होते हे वेगळं सांगायला नको.

तटाच्या आत दोन वस्त्या. दक्षिणेकडे इंग्रज, उत्तरेकडे बाजार गेटच्या बाजूला पारशी, बनिये, बोहरी असे व्यापारी. ही वस्ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. हॉर्निमन सर्कलकडून उत्तरेला बाजारगेटच्या रस्त्याने चालत जा. अरुंद गल्ल्या, खाली दुकान, वर राहतं घर, रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, कोरीव नळ्यांवर पेललेले छज्जे. १७०९ ची बनाजी लिमजी अग्यारी याच भागात आहे. १८०३ साली इथे मोठी आग लागली, उत्तरेकडचा बराच भाग जळाला, आणि तिथून पुढे देशी वस्ती तटाबाहेर सरकत गेली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव हे सगळं त्या बाहेर पडण्यातून भरत गेलं.

बंदराला लागून गोदी. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया इथे आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. मलबारच्या सागवानाची जहाजं. त्यांच्यापैकी १८१७ सालचं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं पाण्यात! सागवान कसलं असेल विचार करा. आणि ते लाकूड कुणी तोडलं, कुणी ओढत किनाऱ्याला आणलं, हेही विचारा. गाढवाची आठवण ठेवा म्हणालो होतो.

आता तटाच्या मध्यावर या. तिथे एक मोकळी जागा होती, बॉम्बे ग्रीन. नावाने हिरवळ, प्रत्यक्षात कापसाच्या गाठींचं रान. गलबतात चढण्याआधी गाठी इथे उघड्यावर रचल्या जात. १८४४ च्या सुमारास कापसाचा बाजार इथून कुलाब्याला हलवला. या जागेच्या पूर्वेच्या बाजूला १८३३ साली टाउन हॉल पुरा झाला. आज तिथे एशियाटिक सोसायटी आहे. समोर रुंद पायऱ्या, वर ग्रीक पद्धतीचे डोरिक खांब. मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत त्या पायऱ्यांवर बसलेली असतात. ही इमारत काय सांगते? ती सांगते की आम्ही अथेन्सचे वारस आहोत. बांधणारा व्यापारी, पण त्याला दिसायचं आहे तत्त्वज्ञासारखं. माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे पाहून थोडं हसू येतं.

पुढे १८६० च्या दशकात या ग्रीनवर गोलाकार बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती उभ्या राहिल्या. एल्फिन्स्टन सर्कल. १८७२ पर्यंत ते पुरं झालं. स्वातंत्र्यानंतर त्याला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. हा इंग्रज संपादक हिंदुस्थानच्या बाजूने लिहायचा. तिथे एक गोष्ट बघा. इमारतींचा तळमजला रस्त्यापासून आत घेतलाय, आणि पुढे कमानींची रांग. पायी चालणारा माणूस त्या कमानींखालून ऊन-पाऊस चुकवत जातो. आपल्या घराला पुढे पडवी असते तशी ही रस्त्याची पडवी. स्थापत्य म्हणजे नुसती शोभा नव्हे. जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस कसा पडतो याचं उत्तर त्या कमानींत आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हा तट पडला कसा आणि त्यानंतर ती गॉथिक मनोऱ्यांची रांग उभी राहिली कशी?

१८६२ साली बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले. पेशवाई जाऊन ४४ वर्षं झाली होती, शत्रू उरला नव्हता, तट नुसता वारा अडवत होता. फ्रियरने तो पाडायला काढला. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे मराठीतलं या शहराचं पहिलं सविस्तर वर्णन बरोबर त्याच काळातलं आहे. पण तट पाडायला हुकूम पुरतो. नवं शहर बांधायला पैसा लागतो. तो आला कापसातून.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत. तो बंद झाला. मग सगळी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर, आणि त्याचं मोठं बंदर मुंबई. भाव अनेक पटींनी चढले. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड इथला कापूस मुंबईकडे धावला, आणि सोनं-चांदी मुंबईत शिरली. त्या पैशाचं काय करायचं हे कुणाला कळेना. बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअर्सचा जुगार सुरू झाला. या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं, एवढीच अट. त्या आईचं नाव राजाबाई.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या सौद्यांचा दिवस होता, त्या दिवशी देणी कुणालाच चुकती करता येईनात. बँका बुडाल्या, प्रेमचंदांचंही साम्राज्य कोसळलं. पण विद्यापीठाला दिलेलं दान तोवर दिलं गेलं होतं. म्हणून मनोरा झाला. पाया १८६९ साली घातला, काम १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये पुरं झालं. उंची २८० फूट, खर्च साडेपाच लाखांच्या घरात. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत. त्यांनी इंग्लंडमधून कागद पाठवले.

त्याच रांगेत जुनं सचिवालय, १८७४. विद्यापीठाचा पदवीदान सभागृह, तोही १८७४. हायकोर्ट, १८७८. सगळ्यांचं तोंड पश्चिमेला. का? कारण तेव्हा समुद्र तिकडे जवळच होता. ओव्हलच्या पलीकडे रेल्वेचे रूळ आणि मग पाणी. मरीन ड्राइव्हची जमीन पुढच्या शतकात भर घालून तयार झाली. म्हणजे जहाजातून येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी ही टोकदार कमानींची, मनोऱ्यांची भिंत दिसावी, अशी ती मांडणी. एक तट पाडला आणि दुसरा बांधला, असं मला नेहमी वाटतं. पहिला तोफा अडवायचा, दुसरा डोळे दिपवायचा.

पण बारकाईने बघा. इंग्लंडातलं गॉथिक बंदिस्त असतं, थंडीसाठी. मुंबईत त्याला बाहेरून लांबच लांब व्हरांडे लागले, उघडे जिने लागले, पश्चिमेचा वारा आत घ्यायला कमानी मोकळ्या राहिल्या. कोरीव कामात इथले मोर, पोपट, माकडं, पिंपळाची पानं शिरली. शैली बाहेरची, हवा इथली. आणि शेवटी हवेने शैलीला नमवलं.

दगड कुठला? कुर्ल्याचा पिवळसर दगड, नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड, आणि आपल्या देवळांना, विहिरींना लागतो तो काळा पाषाण. न्यायाच्या भाषेत हे समवायी कारण. दगड एकमेकांत गुंफले, तो संयोग असमवायी. आता निमित्त कारण कोण? पाटीवर नाव असतं स्कॉटचं, फुलरचं, स्टीव्हन्सचं. पण राजाबाई मनोऱ्यावर वर मान करून बघा. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातिजमातींचे २४ पुतळे आहेत तिथे. त्यांचे नमुने घडवणारे होते रावबहादूर मुकुंद रामचंद्र, बांधकाम खात्यातले सहायक अभियंता. व्हिक्टोरिया टर्मिनसवर स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन हे होते. नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. ही मराठी नावं जुन्या नोंदींत आहेत, कुणी लपवलेली नाहीत. फक्त मोठ्याने वाचली जात नाहीत. आणि ज्यांनी दगड फोडला, चुना मळला, परांचीवर चढले, त्यांची तर नावंही नाहीत.

आता मघाचा प्रश्न : आपला संबंध काय?

पहिला धागा रेल्वेचा. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण कोटाला खरा माल मिळायला लागला तो घाट चढल्यावर. आपल्याकडे पुणे ते दिक्सळ हा लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरमध्येच सुरू झाला होता. केडगाव, पाटस, दौंड याच मार्गावरची. म्हणजे इथे गाडी होती, मुंबईत गाडी होती, आणि मधला बोरघाट बाकी होता; तिथे माणसं पालखीने आणि माल बैलगाडीने उतरायचा. घाटाचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तर त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. ऐन भरात ४० हजारांवर माणसं त्या घाटात राबत होती. पटकीने, सुरुंगाने, कडे कोसळून हजारो मेली. देशावरचे कितीतरी शेतकरी आणि मजूर त्या कामावर गेले. कोट उभा राहिला त्याच्या आधी हा घाट पोखरला गेला. गाढवाने माती वाहिली म्हणतो ते हेच.

दुसरा धागा भावांचा. आता कुणी म्हणेल, सर, आमच्या दौंड-शिरूरमध्ये कापूस कुठे होता? बरोबर आहे. आपल्या तालुक्यांत कापूस नाममात्र. इथे ज्वारी, बाजरी. पण तेजी एकट्या कापसाची राहत नाही. पैसा देशात शिरला की धान्य महागतं, मजुरी वाढते, बैलगाडीचं भाडं वाढतं, रेल्वेची आणि सरकारी कामं निघतात, सावकार हात सैल सोडतो. १८६० च्या दशकात हे सगळं झालं. नेमकं त्याच सुमारास जुन्या जमीन मोजणीची ३० वर्षांची मुदत संपत होती. नवा सारा ठरला तो महागाईच्या दिवसांतले भाव डोळ्यांपुढे ठेवून. इंदापूरला, भीमथडीला सारा वाढला. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग तेव्हा भीमथडीत होता. आणि सारा वाढला तोवर भाव उतरले होते, कामं संपली होती. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी खत बदलून घेऊ लागला. व्याज मुद्दलात मिसळून नवं खत. कुणब्याला वाचता येत नव्हतं, अंगठा तेवढा देता येत होता.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत बंद केली, पाणक्याने पाणी बंद केलं. १२ मे १८७५ ला सुप्याचा बाजार भरला होता. जमलेल्या कुणब्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची दुकानं गाठली. त्यांना हवे होते कागद : खतं, वह्या. ते बाहेर काढून जाळले. तिथून लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्यात पसरलं. ९५१ माणसं पकडली गेली. पण बहुतेक ठिकाणी माणसाच्या अंगावर हात टाकलेला नव्हता. जिथे खत मुकाट्याने मिळालं तिथे जमाव परत फिरला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

सावकारालाही एका ओळीत गुंडाळू नका. त्याचं भांडवल मोठ्या पेढीकडून यायचं. मुंबई-पुण्याची पेढी आखडली की तोही आखडायचा. तोही एका लांब साखळीतला कडी होता, फक्त शेतकऱ्याच्या अंगणात उभा होता म्हणून दिसला. साखळीचं दुसरं टोक लिव्हरपूलला होतं, ते सुप्याच्या बाजारात कुणाला दिसणार?

आता या तारखा शेजारी ठेवा. १८६४, प्रेमचंदांचं दान. १८६५, मंदी. १८६९, मनोऱ्याचा पाया. १८७५, सुप्याला वह्या जळाल्या. १८७८, मनोरा पुरा. म्हणजे ज्या मे महिन्यात सुप्याला आणि इथे भीमथडीत खतं पेटत होती, त्या महिन्यात राजाबाई मनोऱ्याचं काम परांचीवर चालू होतं.

मी असं म्हणत नाही की सुप्याच्या कुणब्याच्या पैशाने मनोरा झाला. तो प्रेमचंदांच्या पैशाने झाला. माझं म्हणणं मर्यादित आहे, पण मला वाटतं पक्कं आहे. एकाच उलाढालीची ही दोन कार्यं आहेत. एका टोकाला दगडात साठलेली तेजी, दुसऱ्या टोकाला राखेत गेलेली मंदी. तेजीचा वाटा ज्यांना मिळाला त्यांनी तो दगडात बांधून ठेवला, म्हणून तो आज दिसतो. मंदीचा वाटा ज्यांच्याकडे आला त्यांच्याकडे बांधून ठेवण्यासारखं काही नव्हतं. आणि सचिवालय, हायकोर्ट यांच्याबाबतीत तर याहून पुढे जाता येतं, कारण त्या सरकारी इमारती. सरकारच्या उत्पन्नात त्या काळी सगळ्यात मोठं कलम कोणतं? शेतसारा. तेव्हा हायकोर्टाच्या भिंतीत दोन-चार दगड भीमथडीचे आहेत असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

हे कळल्यावर त्या इमारतींवर रागवायचं का? माझा तसा आग्रह नाही. काही तरुण मला म्हणतात, ही गुलामीची स्मारकं, यांचं कौतुक कशाला. मी त्यांना म्हणतो, दगड गुलामीत घडला असेल, पण दगडावरचा हात आपल्या माणसाचा होता. इमारत टाकून दिलीत तर तो हातही टाकून देता. दुसऱ्या बाजूला काही जण नुसत्या कौतुकात रंगतात. काय ती कमान, काय तो मनोरा. त्यांना मी सुप्याची तारीख सांगतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणं, मला वाटतं, हेच इतिहासाचं शिक्षण.

आज तर बंदरही तिथे उरलेलं नाही. १९१४ च्या सुमारास अलेक्झांड्रा गोदी खणली, तिच्या मातीने भर घालून बॅलार्ड इस्टेट झाली. जॉर्ज विटेटने ती आखली. कापसाचा बाजार पुढे शिवडीकडे गेला, कॉटन ग्रीन हे स्टेशनचं नाव तेवढं आपण ऐकतो. १९४४ च्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळ्याबरोबर त्यात कापसाच्या गाठीही होत्या. १९८९ पासून न्हावा-शेवाला नवं बंदर सुरू झालं आणि मोठा माल तिकडे वळला. आता कोट म्हणजे बंदर निघून गेलेली बंदराची वस्ती. २००४ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१८ साली ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. चांगलं झालं. पण वारसा म्हटला की वारस कोण हे ठरवावं लागतं. सात-बारावर वारसाची नोंद लावताना आपण किती तलाठ्याच्या खेपा घालतो! या वारशावर आपली नोंद कुणी लावायची? ती आपणच लावायची.

त्यासाठी मुंबईला जायलाच हवं असं नाही. तुमच्या घरात जुनं दप्तर असेल. १८७० च्या आसपासचं एखादं खत, साऱ्याची पावती, मोडीतला एखादा कागद. पत्र्याच्या पेटीत असेल, माळ्यावर असेल. ते वाळवीच्या आधी बाहेर काढा. मोडी वाचणारा माणूस पुण्यात मिळतो, तालुक्यालाही मिळेल. घाटाच्या कामावर कोण गेलं होतं, कोण परत आलं नाही, अशा गोष्टी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून असतात. त्या लिहून घ्या. मनोऱ्याची पुस्तकं ढीगभर आहेत. खताचं पुस्तक तुम्हालाच लिहायचं आहे.

आणि मुंबईला गेलात तर एक करा. फ्लोरा फाउंटनपाशी थांबा. कारंजं १८६४ चं, तेजीच्या ऐन भरातलं. वर रोमन लोकांची फुलांची देवी. आणि तिच्या बाजूला हुतात्मा स्मारक. १९५५ च्या नोव्हेंबरात या परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळ्या चालल्या, पुढेही चालल्या; १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्या स्मारकावर दोन माणसं आहेत, हातात मशाल धरलेली. एक कामगार, एक शेतकरी. ज्या जागेवर कधी काळी कोटाचा दरवाजा होता तिथे आता शेतकरी उभा आहे. नैयायिकांनी ज्याला यादीतून वगळलं होतं, तो.

इथेच थांबतो.  कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा. आणि कुणाच्या घरी असं जुनं खत असेल, तर प्रश्नाच्या आधी तेच सांगा.